दारफाळणीची चांदणी

"नीळ कमी टाक वं, सिपोरा. घर हाय का सरकारी दवाखाना?"

ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून माणिकबाई आत पाहत होती. सुजलेले पाय समोरच्या पाटावर ठेवलेले, मांडीवर औषधांची पिशवी. आत सिपोराबाई पदर खोचून, डोक्याला फडकं गुंडाळून भिंतीला चुन्याचा दुसरा हात देत होती. सत्तरी ओलांडलेली बाई स्टुलावर चढलेली पाहून गल्लीतलं कुणी ना कुणी दरवर्षी हटके, आणि दरवर्षी ती तेच सांगे, की या कामाला मजूर लावायचा नसतो.

"तू तोंड चालवू नको," ती वळून म्हणाली. "डॉक्टरनं काय सांगितलं तुले?"

"चालू नोको म्हणे. बोलू नोको, असं नाही म्हणे. गप्प तं काय, मेल्यावर बसाचंच हाय."

"सणासुदीचं काय बोलून राहिली!"

"कोनता सण? घट बसाले अजून टाइम हाय. आता पितरं चालू हाय. मराचं बोलाले हेच दिवस बरे." माणिकबाई हसली आणि त्या हसण्यातूनच तिला खोकला लागला. खोकला थांबायला वेळ लागला. सिपोराबाईचा कुंचला तोवर भिंतीवर एकाच जागी राहिला.

राजापेठेच्या मागच्या गल्लीतली ही दोन घरं एका भिंतीची. अलीकडे सिपोराबाई वाकरूळकर, पलीकडे माणिकबाई. सिपोराबाई अकोल्याची लेक. लग्न होऊन ती इथे आली त्याच वर्षी माणिकबाईही नांदगाव खंडेश्वराकडच्या खेड्यातून शेजारच्या घरात सून म्हणून आली. दोघींनी एका नळावर पाणी भरलं, एकमेकींची बाळंतपणं काढली, आणि पुढे एकमेकींच्या नवऱ्यांसाठी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रात्री काढल्या.

सिपोराबाईचे लोक बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. पुढे रेल्वेने आणि पोस्ट-तारेने त्यांतली काही घरं वऱ्हाडात आणून सोडली. तिचा नवरा शलोम बडनेऱ्याला मालगाडीवर गार्ड होता. ती स्वतः टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर. कानाला हेडफोन लावून 'हॅलो अकोला', 'हॅलो नागपूर' करण्यात तिची हयात गेली. लाइनवरचा माणूस बोलता बोलता कधी रडवेला झाला, हे तिला नुसत्या श्वासावरून कळे. ती रिटायर झाली, पण कान काही रिटायर झाले नाहीत.

बेने इस्राएल आपल्या सिनेगॉगलाही मशीदच म्हणतात; पण प्रार्थनेसाठी अशी वेगळी इमारत इथे त्यांची कधी झालीच नाही. सिपोराबाईच्या सासूने घराची ही पुढची खोली त्यासाठी दिली होती. पश्चिमेच्या भिंतीत, यरुशलेम ज्या दिशेला आहे तिकडे, एक लाकडी कपाट. एके काळी सणाच्या महिन्यात त्यात मुंबईहून आणलेला तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, असायचा आणि खोलीत माणूस मावत नसे. मग एकेक घर इस्रायलला गेलं. सिपोराबाईचा मुलगाही गेला, आता तो अश्दोदला असतो आणि दर शुक्रवारी फोनवर 'आई, ये ना आता' म्हणतो. दहा पुरुष जमल्याशिवाय तोरा उघडत नाहीत. त्यामुळे कपाट कित्येक वर्षं रिकामं होतं. तरी त्याच्यावरचा मखमली पडदा दर साली धुतला जाई.

चुन्याचा हात देत देत ती मधल्या भिंतीपाशी आली. कमरेच्या उंचीवर तिथे वाटीएवढा खळगा होता. यंदा तो गिलाव्याने बुजवला होता.

"हे कोनं बुजवलं?" माणिकबाईने बाहेरून मान वाकडी करून विचारलं.

"नहूमनं. अकोल्याहून आला होता परवा. म्हणे, मावशी, देवाच्या खोलीत खड्डा बरा दिसत नाही."

"बुजवू दे. घट बसाच्या आत पाडतो मी."

भिंतीच्या पलीकडे माणिकबाईचं स्वयंपाकघर होतं. पाट्याशी बसल्या बसल्या सिपोराबाईला हाक मारायची झाली, की ती वरवंटा उचलून भिंतीवर हाणे. एक ठोका म्हणजे, ये. कशाला ये, ते आल्यावर कळे. कधी दूध उतू गेलेलं असे, कधी नवऱ्याशी भांडण झालेलं असे, कधी नुसतीच ताजी भाजलेली शेंग असे. प्रत्येक ठोक्याला अलीकडचा चुना टवके टवके होऊन पडे. नव्या रंगाला चार दिवस झाले न झाले की तिथे पुन्हा खळगा दिसू लागे. सिपोराबाईची सासू कुरकुरत असे. सिपोराबाईने मात्र कधी तक्रार केली नव्हती.

त्या साली नव्याचा सण आणि घटस्थापना एकाच दिवशी आली. तशी ती बऱ्याच साली येते. सिपोराबाईचं नवं वर्ष लागतं, शिंग फुंकलं जातं, आणि पलीकडे माणिकबाई मातीत गहू पेरून घट मांडते. नव्या वर्षाला बेने इस्राएलांच्या घरी चिकाचा हलवा लागतोच. गहू भिजवायचे, वाटायचे, पिळून त्याचा चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात तास न् तास घोटायचा. वऱ्हाडात कुरडयांसाठी चीक काढणाऱ्या बाईला यात शिकवण्यासारखं काही नव्हतं. गहू वाटायचं काम पहिल्या वर्षापासून माणिकबाईचं. वाटता वाटता ती दरवर्षी म्हणे, "गहू तोच, वरवंटा तोच. मी त्याची कुरडई करतो, तू हलवा करतं. देव बी असाच असन, नाही का वं?"

यंदा गहू सुनेने, शालूने वाटले. माणिकबाई पाटावर बसून "बारीक, अजून बारीक" करत राहिली. हलवा झाला, वड्या पडल्या, ताट भरून पलीकडे गेलं. तिसऱ्या माळेला माणिकबाईला धाप लागली. गजेंद्रने, तिच्या मुलाने, ऑटोत घालून तिला दवाखान्यात नेलं.

सिपोराबाई रोज दुपारी जात होती. मोठ्या डॉक्टरांनी गजेंद्रला एकदा बाजूला घेतलं. त्यानंतर गजेंद्रचं बोलणंच कमी झालं. अष्टमीला माणिकबाईने हट्ट धरला, की घरचे घट मला पाहायचेत. तिला घरी आणलं. उचलूनच आणलं. आणि तिची खाट पाट्याशेजारी, त्या मधल्या भिंतीला लावून टाकली.

नवमीच्या दुपारी, दरवर्षीसारखी, अकोल्याची उरलीसुरली बेने इस्राएल माणसं प्रार्थनेला यायची होती. संध्याकाळपासून दारफाळणी.

दारफाळणीचा सण म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा उपास. सूर्य मावळायच्या आत अंघोळ करून पांढरे कपडे घालायचे आणि घराचं दार बंद करायचं. मग दुसऱ्या दिवशी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, दाराबाहेर पाऊल नाही, बाहेरच्या कुणाला शिवणं नाही. वर्षभराचं पाप देवापुढे उभं राहून एकेक सांगायचं. त्या दिवशी देवाचं दार उघडं असतं, म्हणून माणसाने आपलं लावायचं, असं सिपोराबाईची सासू सांगे. आदल्या संध्याकाळी घरातले मेलेले परत येतात आणि शिळासणाला, म्हणजे उपासाच्या दुसऱ्या दिवशी, निघून जातात, असंही ती सांगे.

पण खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यासमोर शेजारच्या माडीची भिंत. आतून चांदणी दिसायची कशी? सिपोराबाईच्या पहिल्याच वर्षी सासूने दार किलकिलं करून आभाळात डोकावायला सुरुवात केली. तेव्हा ओट्यावर उभी असलेली नवी नवरी माणिकबाई ठसक्यात म्हणाली होती, "तुमी आत बसा ना जी! आमी आहो ना बाहीर चांदण्या पायले."

तेव्हापासून तोच रिवाज पडला. संध्याकाळी माणिकबाई ओट्यावर उभी राही. पहिली चांदणी दिसली तरी बोलत नसे, दुसरी दिसली तरी नाही. तिसरी दिसली की दारावर थाप मारून ओरडे, "चांदणी निघाली वं, सिपोरा! उघड आता तुया देवाचं दार!" मग आत शिंग वाजे. मग दार उघडे. दारात माणिकबाई लिंबाच्या सरबताचा तांब्या घेऊन उभी असे, आणि दसऱ्याचा दिवस असला तर आपट्याचं पान. मुंबईहून सणांचं छापील कॅलेंडर येई, त्यात उपास सुटायची वेळ मिनिटासकट दिलेली असे. अकोल्याचा नहूम शाळामास्तर होता, तो दरवर्षी हसे. "कॅलेंडर मुंबईचं, पण आपलं टायमिंग माणिकबाईंच्या डोळ्यांवर!"

दुपारी सिपोराबाई पलीकडे गेली. शालू चुलीपाशी होती. माणिकबाई खाटेवर उशांना टेकून बसल्यासारखी निजली होती. ओठ काळपट झाले होते. कोपऱ्यात घटातले गहू बोट बोट वर आले होते, पिवळेधमक.

"आले का तुये अकोलेवाले?"

"येतील आता. तुले कसं वाटते?"

"बरी हाय. आमचे पितर आमोश्याले गेले, तुमचे आज येतीन. या गल्लीत साऱ्या मेलेल्यांचीच ये-जा." तिने दम घेतला. "तुयी सासू आली तं सांगजो तिले, खड्डा बुजला म्हणा. माणिकीनं नाही पाडला यंदा."

सिपोराबाई खाटेच्या कडेला बसली. तिचा हात तिने आपल्या हातात घेतला. नखंही काळी पडली होती.

"मी यंदा दार लावत नाही," ती म्हणाली.

"काहून?"

"काहून म्हणजे? तू अशी पडली, आन् मी तिकडं दार लावून बसू? अकोल्याच्या दानियलमामांना विचारलं मी फोनवर, प्रार्थना तेच सांगतात ना. जिवाचा प्रश्न असला तर सगळं मोडता येते म्हणाले. पाप लागत नाही."

"कोनाचा जीव? मी काय चालली का?" माणिकबाईचा आवाज एवढा चढला, की शालू दचकून वळली. "असं बोलणं आईकून देव हासन तुले. ते म्हातारे मानसं अकोल्याहून धक्के खात येऊन राहिले, त्याईले काय सांगशीन? शेजारीन खोकलते म्हणून यंदा देवाले सुट्टी?"

"माणिकी..."

"आईक. डाक्टरनं माया नवरातीचा उपास मोडला. पयल्या माळेपासून गोळ्या खातो, वरून बिस्कुट खातो. जलमात पयल्यांदा. मले लय लागलं ते." तिने डोळे मिटले. पुन्हा उघडले. "उद्या तू बसशीन ना, तं माया बी उपास धरजो त्याच्यात. दोघींचा एक. दोन देवाईले दोन उपास कायले पायजे."

  सिपोराबाई उठली, पाट्यावरचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि माणिकबाईच्या उशाशी, तिचा हात पोचेल असा ठेवला.

"एकच ठोका," ती म्हणाली. "हळू मारला तरी मला ऐकू येते. मी उघडीन. शालू, तू ऐकतेस ना? हिचा हात उठला नाही, तर तू मार."

"हो मावशी."

"आता जाय," माणिकबाई म्हणाली. "सूर्य चालला खाली. आन् चांदणी पायले मी येतो उद्या. खाटेसगट आन म्हणतो गजूले ओट्यावर."

अकोल्याची माणसं आली ती नहूमच्या गाडीतून. दानियलमामा ऐंशीच्या पुढचे, कोटाच्या आत मफलर, मांडीवर फडक्यात बांधलेलं शिंग. लीयामामी पुऱ्यांचा डबा घेऊन. नहूम, आणि आणखी दोघं-तिघं. सगळे मिळून एका सतरंजीवर बसतील एवढेच.

"खोली छान दिसतेय गं," लीयामामी म्हणाली. "खड्डा कुठे गेला?"

"बुजवला," नहूम म्हणाला. "यंदा माझं काम दिसू दे. दरवर्षी माणिकबाई चार दिवसांत वाट लावतात."

सिपोराबाई हसली नाही. दानियलमामांच्या ते लक्षात आलं. पांढरी टोपी घालता घालता ते हळूच म्हणाले, "सिपोरा, ठोका आला तर खुशाल दार उघड. आम्ही मध्ये येणार नाही."

तिने अंघोळ केली, पांढरी साडी नेसली, काचेच्या दिव्यात तेल घातलं आणि वात लावली. दार ओढून कडी लावली. कडी लावताना पलीकडून खोकल्याचा आवाज आला. तिला बरं वाटलं.

रात्र गेली. उजाडलं. दसऱ्याची सकाळ होती. गल्लीच्या तोंडाशी देवीच्या मंडळाचा भोंगा सुरू झाला. आत दानियलमामांचा थकलेला आवाज पापांची यादी म्हणत होता आणि सगळे उजव्या मुठीने छातीवर हलके हलके मारून घेत होते. आम्ही खोटं बोललो. आम्ही मन कठीण केलं. आम्ही पाहून न पाहिल्यासारखं केलं. सिपोराबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. मूठ छातीवर पडे तेव्हा तिला वाटे, की हा ठोका आपल्याच छातीचा ना? आणि मग क्षणभर ती श्वास रोखून ऐके.

दुपार व्हायच्या आधी कधीतरी भोंगा बंद पडला. गाणं चालू असताना मध्येच तुटला.

"लाइट गेली वाटतं," लीयामामी कुजबुजली.

सिपोराबाईने वर पाहिलं. कालपासून लावून ठेवलेला पंखा गरगरत होता.

ती उठली. भिंतीपाशी गेली आणि पुऱ्या तळव्याने भिंत चाचपली. मग कान लावला. सगळे पुस्तकांतून डोकी वर काढून तिच्याकडे पाहत होते. पलीकडे काही सरकवल्यासारखा आवाज आला. भांडं असेल, किंवा खाट उन्हाला घेतली असेल. कुणी बोलत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. माणूस गेल्यावर वऱ्हाडात कसा आकांत होतो, ते तिला माहीत होतं. शलोम गेला तेव्हा हीच माणिकबाई चौकापर्यंत ऐकू जाईल अशी रडली होती.

"काय गं?" दानियलमामांनी विचारलं.

"काही नाही. निजली असेल."

ती परत जागेवर बसली. थोड्या वेळाने गल्लीतून पुष्कळ माणसं जाण्याचा आवाज आला. पावलांचाच, बाकी काही नाही. बाया-माणसं सोनं लुटायला निघाली असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. पण सोनं लुटायला जाणारी माणसं बोलत जातात. एवढ्या माणसांच्या पायांत चपला कशा नाहीत, हेही तिच्या कानांनी टिपलं. टिपलं, आणि तिने ते बाजूला ठेवलं. भिंत गप्प होती. भिंत गप्प आहे म्हणजे बरं आहे, असंच तर दोघींचं ठरलं होतं.

तहानेने तिची जीभ टाळूला चिकटली होती. दोघींचा एक उपास, ती मनाशी म्हणाली. आणि दोघींच्या नावाने तिने पुढची प्रार्थना म्हटली.

खिडकीतला उजेड राखी झाला, मग विझला. शेवटची प्रार्थना संपली. नहूमने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"कॅलेंडरप्रमाणे वेळ होऊन गेली, मावशी."

"थांब."

"मामांना त्रास होईल. कालपासून पाणी नाही."

"थांब म्हटलं ना, नहूम."

दानियलमामांनी हात वर करून त्याला गप्प केलं. शिंग त्यांच्या मांडीवर होतं. सगळे दिव्याच्या उजेडात बसून राहिले. बाहेर ओट्यावर पाऊल वाजलं. कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं आणि काहीच बोलत नव्हतं. सिपोराबाई उठून दाराशी गेली. लाकडापलीकडचा श्वास तिला ऐकू येत होता. तो माणिकबाईचा नव्हता.

दारावर बोटांची टिचकी पडली.

"मावशी," शालूचा आवाज आला. घसा बसलेला, शब्द चाचपडत ठेवलेले. "चांदणी निघाली."

सिपोराबाई पुढचं वाक्य येईल म्हणून थांबली. पुढचं वाक्य आलं नाही. शालूला ते माहीतच नव्हतं.

मागे दानियलमामांनी शिंग ओठांना लावलं होतं. आवाज आधी फाटला, मग सापडला, आणि मग लांबत गेला. एवढ्या थकलेल्या छातीत एवढा श्वास कुठून आला कोण जाणे. त्या आवाजात दार उघडायचं नसतं. तो संपेपर्यंत उभं राहायचं असतं. सिपोराबाई कडीवर हात ठेवून उभी राहिली. तो आवाज संपूच नये, असं तिला वाटत होतं.

तो संपला. तिने कडी काढली.

शालूच्या हातात तांब्या नव्हता. तिच्यामागे, गल्लीत, गजेंद्र उभा होता. त्याच्यामागे शेजारपाजारची माणसं. आज दसरा असून कुणाच्या हातात आपट्याचं पान नव्हतं. गजेंद्रचे केस ओले होते. त्याच्या शेजाऱ्याचे केस ओले होते. जिथवर दिव्याचा उजेड पोचत होता तिथवर सगळ्या पुरुषांचे केस ओले होते.

"कधी?" तिने विचारलं.

"सकाळी," गजेंद्र म्हणाला. "भोंगा चालू होता तेवा." मग लहान पोरासारखा त्याने खाली मान घातली. "लोकाईले म्हटलं, चपला काढून चाला. आत देव बसेल हाय. रडू नाही देलं मावशी कोनाले. मायनंच सांगून ठेवलं होतं."

ती पलीकडे गेली. खाट उभी करून ठेवली होती. जमिनीवर पीठ पसरून त्यावर पणती तेवत होती. कोपऱ्यात घट हलवलेले, त्यातलं थोडं धान उपटलेलं. ते माणिकबाईसोबत गेलं असणार. भिंतीच्या कडेला, जिथे उशी होती तिथे, वरवंटा तसाच आडवा पडला होता.

"म्या उचलला होता जी," शालू म्हणाली. आता तिला रडू फुटलं, पण ते तिने पदरात धरलं. दिवसभर धरलं होतं, तसंच. "पहाटीपासून दम चढला. म्या उचलला, तं आईनं मनगट धरलं माह्यं. सोडेचना. एवढी ताकत कुठून आली तिले काय मालूम. म्हणे, ठेव खाली. वर्साचा एकच दिवस हाय सिपोरीचा, माया बी उपास हाय तिच्याजोळ. म्हणे, चांदणी मातर तू सांगजो. इसरजो नोको. मंग... मंग हात सुटला."

सिपोराबाई पिठाजवळ बसली. पिठाला कुठेही हात लागू दिला नाही. पणतीची वात जरा पुढे सरकली होती, ती काडीने तिने मागे घेतली. मग विचारलं, "लेकरं जेवली?"

शालूने मान हलवली. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नव्हती.

"कोणी काही दिलं?"

"साऱ्याईचे सण हाय जी आज."

सिपोराबाई उठून परत अलीकडे आली. आत लीयामामीने ताटं मांडली होती. डब्यातल्या गोड पुऱ्या, हलव्याच्या उरलेल्या वड्या, काळ्या मनुकांचं सरबत. सगळे तिची वाट पाहत थांबले होते.

"हे नाही चालायचं तिकडे," ती म्हणाली. "गोड नाही चालत. लीयामामी, तुम्ही पीठ मळा. मी बेसन कालवते."

"अगं, आधी दोन घोट पाणी तरी घे."

"मग घेते."

लीयामामी वाद न घालता उठली. कालपासून उपाशी असलेल्या दोन म्हाताऱ्या बाया चुलीपुढे बसल्या. एकीने भाकरी थापली, एकीने पिठलं ढवळलं. नहूमने ताट उचललं आणि कुणी सांगायच्या आत पायांतल्या चपला काढल्या. तो आणि दानियलमामा ताट घेऊन पलीकडे गेले. भिंतीतून लेकरांचा आवाज येऊ लागला, मग भांड्यांचा, आणि मग, उशिरा, पहिल्यांदाच, शालूचं मोठ्याने रडणं.

लीयामामीने पाण्याचा पेला तिच्या हातात आणून दिला. तो हातात धरूनच सिपोराबाई मधल्या भिंतीपाशी गेली. काचेच्या दिव्याचा उजेड तिथवर येत होता. कमरेच्या उंचीवर, खळगा होता त्या जागेवरून तिने बोटं फिरवली.

चुना गुळगुळीत होता. थंड होता. कुठेही टवका उडालेला नव्हता.